झेंडूचा वाफा

शालिकरामनं भरात आलेला झेंडू उपटायला घेतला, तेव्हा त्याच्या बायकोनं, पार्बताबाईनं कपाळाला हात लावला.

"दोन दिसानं फुलं अकोल्याच्या बाजारात जानार होती. कावून उपटून राह्यले?"

"याच्याखाली संडासचा पाइप हाये. बारका हाये. मोठा टाकतो."

हे सगळं विहिणीपायी. एकुलत्या एका लेकीनं, पौर्णिमेनं पुण्यात नोकरी करता करता ग्रीसचा पोरगा पसंत केला होता. त्याची आई एलेनीबाई घर बघायला पाच दिवस पातूरला आली. तिच्या बॅगेतून संडासात वापरायच्या कागदाचे सहा गुंडे निघाले आणि शालिकराम हादरला. घरचा संडास पाण्यावर चालणारा. तीन इंची पाइप, त्यालाही दोन वळणं. कागद गेला की तुंबलाच.

"सांगून टाका ना, भांड्यात टाकू नका म्हनून," पार्बताबाई म्हणाली.

"पोराच्या मायले असं कोनी सांगते काय?"

पौर्णिमेला विचारलं, तर तिनं कानावर हात ठेवले. होणाऱ्या सासूला पहिल्याच भेटीत हे कोण सांगणार?

खरं म्हणजे शालिकरामची भीती पाइपापेक्षा मोठी होती. कुठला मुलूख, कुठली माणसं. त्यांच्यात आपली पोर कशी नांदायची? लग्नाला त्यानं अजून हो म्हटलंच नव्हतं. पण नकार द्यायचा तर आपण द्यावा, संडास तुंबून विहिणीनं उठून जाऊ नये, एवढी अब्रूची चाड त्याला होती.

पौर्णिमा सासूला लेणी दाखवायला घेऊन गेली होती. तेवढ्या वेळात त्यानं वाफा खणला, सहा इंची पाइप टाकला, वर माती लोटली. त्या परतल्या तेव्हा "पाण्याची लाइन बदलली" म्हणून मोकळा झाला. एलेनीबाईनं उपटलेली झाडं बघितली. खाली बसून चांगली चांगली फुलं आपल्या टोपीत वेचून घेतली. पार्बताबाईला ते फार आवडलं.

पाचव्या दिवशी सकाळी गाडी दारात आली. एलेनीबाई आतच घुटमळत होती. शेवटी तिनं पौर्णिमेला बाजूला घेतलं. हातात गच्च गाठ मारलेली काळी पिशवी, तोंड लालबुंद. ती हळू आवाजात काहीतरी म्हणाली आणि पौर्णिमा हसत हसत खालीच बसली.

"काय झालं वं?" शालिकरामनं विचारलं.

"बाबा, याइच्या घरी कागद भांड्यात टाकतच नाहीत. पाइप बारके असतात, तुंबतात. बाजूला डबा ठेवतात, त्यात टाकतात. आपल्याकडं डबा दिसला नाही. सुनेच्या बापाले कसं विचारावं म्हनून पाच दिवस या पिशवीत जमा केला. आता कुठं टाकू, विचारून राह्यल्या."

पार्बताबाईनं तोंडात पदर कोंबला. शालिकरामनं एकदा उघड्या पडलेल्या वाफ्याकडं बघितलं, एकदा विहिणीच्या लाजलेल्या तोंडाकडं. मग पुढं होऊन तिच्या हातातली पिशवी स्वतः घेतली.

"त्याइले म्हना, लग्नाची तारीख काढा," तो म्हणाला. "पोरगी आपल्यासारख्याच घरात चालली."