माधुरीचे डोळे

माझी धाकटी बहीण माधुरी वीस दिवसांपासून बेशुद्ध होती. मी तिचं चित्र काढलं, पण डोळे मिटलेलेच ठेवले. तिने उघडले की पूजा करून मगच उघडे रंगवायचे, असा नेम धरला.

पनवेलच्या हॉलमध्ये आम्हा पाच चित्रकारांचं प्रदर्शन होतं. सोमवारचा उपास, पाय गळून गेलेले. भिंतीवर लावलेल्या माधुरीच्या चित्राखाली मी खुर्चीत टेकले.

शेजारी चित्रं मांडलेला प्रांजल म्हणाला, "काकू, डोळे काय बोलके काढलेत!"

"मिटलेत रे ते. चेष्टा नको."

"मिटलेत? सकाळपासून टकामका बघतायत माझ्याकडे!"

मी वळले. डोळे उघडे होते.

तेवढ्यात माधुरीच्या लेकीचा, रियाचा, फोन आला. "मावशी, आई शुद्धीवर आली! पण कुणाला ओळखत नाही गं. सारखं एकच म्हणते, 'किती माणसं बघतायत, मला भिंतीवरून उतरवा.'"