प्रमाण वजन

निरीक्षकबाईंनी मधाची बाटली खिडकीच्या उजेडात धरली. काल शाईनं मारलेली रेघ जिथल्या तिथे होती आणि मधही रेघेला टेकून होता. रेघ जरा पुसट दिसली, पण तो दोष चष्मेवाल्याचा. वर्षात दोनदा काचा बदलून त्यानं दोन्ही वेळा फसवलं होतं.

"मध नाही, जॅम नाही, बिस्किटं नाहीत," त्या म्हणाल्या. "मग आज दोनशे बासष्ट आले कुठून? आकाशातून पडले?"

सून रक्तातली साखर मोजायचं मीटर ओट्यावर ठेवून, बोटावर कापूस दाबून उभी होती. "सांगितलं ना आई, पाळी जवळ आलीय."

निरीक्षकबाई हे त्यांचं नाव घरात आणि गल्लीतही चालायचं. वजनमापं तपासायच्या खात्यात एकतीस वर्षं काढलेली. पोकळ वजनं, तागडीखालचं लोहचुंबक, मापाच्या तळाशी थापलेलं मेण, सगळं त्यांनी पकडलं होतं. एका भाजीवाल्याचा अंगठा तराजूवर इतका सवयीनं पडायचा, की त्यांनी एकदा तो अंगठा वेगळा तोलून बिलातून वजा केला म्हणे. त्यांचा हिशेब सरळ होता. आकडा भलताच आला, तर माप खोटं नाहीतर माणूस खोटं. तिसरं काही नसतं.

सुनेचा मधुमेह लग्नाआधीपासूनचा. गेल्या महिन्यात डॉक्टरांनी सासूला आणि मुलालाही समोर बसवून समजावलं होतं, की पाळीआधीचे चार-पाच दिवस संप्रेरकांपुढे इन्सुलिनचं फारसं चालत नाही. जेवण तेच असलं तरी साखर चढते, पाळी सुरू झाली की उतरते. त्या दिवसांत डोस जरा वाढवायचा. दवाखान्याच्या पायरीवरच निरीक्षकबाईंनी त्याचा निकाल लावला. "आम्हालाही पाळी येत होती. आम्ही नाही कुठे आकडे चढवले."

चोरून खायचं आणि वर डोस वाढवायचा, हे त्यांच्या घरात चालणार नव्हतं. आजपासून चार दिवस सुनेचं ताट त्या स्वतः तोलणार होत्या. डोस नेहमीचाच. तरी चौथ्या दिवशी आकडा चढलेलाच निघाला तर सून खोटी, आणि खोट्या माणसाची बॅग माहेरी. मुलगा "हो आई" म्हणाला. त्याला दुसरं काही म्हणता येतं की नाही, हे सुनेला लग्नापासून कळलेलं नव्हतं.

मग भात ग्रॅमवर, भाजी ग्रॅमवर, पावाच्या मोजून दोन चकत्या. साखरेचा डबा कुलपात आणि किल्ली कमरेला. चहाच्या वेळी निरीक्षकबाई कुलूप काढत, सुनेच्या डोळ्यांदेखत आपल्या कपात तीन चमचे घालत आणि सावकाश ढवळत बसत. वर एक भाषण होई. भाषणानं घसा सुकला की अर्धा तांब्या पाणी. गेल्या दोन-तीन महिन्यांत त्यांचे कपडेही सैल झाले होते आणि त्याचा त्यांना अभिमान होता. शिस्तीनं माणूस सडपातळ राहतं, सूनबाईनं शिकावं.

दुसऱ्या दिवशी त्यांना मुंग्या सापडल्या. रांग भिंतीच्या कडेनं निघून थेट त्यांच्याच खोलीतल्या न्हाणीघरात, कमोडपाशी जात होती.

"माझ्याच न्हाणीघरात लपवते," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "म्हणजे संशय नको."

त्यांनी बादली उलटी केली, टाकीचं झाकण काढलं, साबणाच्या मागे बोट घातलं. काही मिळालं नाही. चपलेनं चावलेली टाच तेवढी पुन्हा ठणकू लागली. तीन महिने झाले तरी ती बरी व्हायचं नाव घेत नव्हती.

सून दारात येऊन मुंग्यांकडे बराच वेळ बघत राहिली. मग तिनं सासूच्या टाचेवरच्या पट्टीकडे पाहिलं.

"आई, तुम्ही एकदा दवाखान्यात जाऊन—"

"मला दवाखाना दाखवतेस? वेड लागलंय मला?"

"तसं नाही."

"मग तोंड मीट."



चौथ्या दिवशी संध्याकाळी, चहा झाल्यावर, आकडा आला दोनशे एक्क्याऐंशी. निरीक्षकबाईंनी मुलाला हाक मारली. बॅग त्यांनी दुपारीच भरून दाराशी ठेवली होती.

"मीटर नको का तपासायला?" सून म्हणाली. "खात्याच्या रीतीनं?"

"ते विसरेन मी?" त्यांनी पर्समधून चिठ्ठी काढली. सकाळीच त्या मीटर घेऊन तपासणी केंद्रात गेल्या होत्या. तिथल्या मुलीचं रक्त मीटरवर आणि मोठ्या यंत्रावर लावलं, फरक अवघा तीन. खाली शिक्का आणि सही.

"शिक्का दुसऱ्याचा झाला," सून म्हणाली. "तराजू खरा की खोटा ते बघायला तुम्ही त्यावर आपल्या हातानं प्रमाण वजन ठेवायच्या ना? कधी आजारी न पडलेल्या माणसाचं बोट लावून बघा."

हे मात्र निरीक्षकबाईंना पटलं. अख्ख्या नोकरीत त्यांनी आजारपणाची एक रजा घेतली नव्हती. त्यांनी बोट पुढे केलं. "हे घे प्रमाण वजन."

सुनेनं सुई टोचली, थेंब पट्टीला लावला. मीटर पाच सेकंद गप्प होतं.

चारशे अठरा.

मुलानं आकडा दोनदा वाचला. निरीक्षकबाईंनी मीटर डोळ्यांजवळ नेलं, मग लांब धरलं. मग शिक्क्याच्या चिठ्ठीचे चार तुकडे केले.

"माप खोटं," त्यांनी जाहीर केलं. न्यायाला त्या पक्क्या होत्या. माप खोटं ठरलं की खटला रद्द. त्यांनी स्वतः बॅग उचलून आत ठेवली.

"पण आई, तुझा आकडा—"

"दुसरं मीटर घेऊन ये."

"हो आई," म्हणून तो चपला घालून गेला.

घरात दोघीच उरल्या. सुनेनं पुन्हा चहा टाकला. निरीक्षकबाईंनी तांब्यातलं पाणी संपवलं आणि जरा चाचरत विचारलं, "तुला काय वाटतं गं?"

"मीटरच बिघडलंय, आई. तुम्हाला काय होणार आहे?"

इतक्या वर्षांत सून पहिल्यांदाच शहाण्यासारखं बोलली होती. निरीक्षकबाईंनी कमरेची किल्ली काढून तिच्या हातावर ठेवली. सुनेनं डबा उघडला, सासूच्या कपात नेहमीचे तीन चमचे घातले आणि जरा थांबून चौथा.