चौथा हिस्सा

"शंभर मिलिमीटर सांगितलं की टेबल पंचवीसच सरकतं. मोटर गेलीय. परत न्या तुमचं मशीन," कारखान्याचे मालक घोरपडे म्हणाले. ट्रक दारात उभाच होता.

"मोटर बिघडली तर दर वेळी बरोबर चौथाच हिस्सा कसा येईल? मला तासभर द्या," हेमांगी म्हणाली. तिनं एकटीनं बसवलेलं हे पहिलंच मशीन होतं.

कंट्रोलरच्या सेटिंगची ओळन् ओळ तिनं तपासली. टेबल किती सरकलं ते ठोक्यांनी कळवणाऱ्या एन्कोडरचा एक ठोका कंट्रोलर चार म्हणून मोजत होता, म्हणून पंचवीसलाच त्याला शंभर झाल्यासारखं वाटत होतं. तिनं चारचं एक केलं आणि टेबलाला पुन्हा शंभर सांगितलं.

टेबल सरकलं. घोरपड्यांनी स्वतः पट्टी लावली, चष्मा पुसून पुन्हा लावली. "शंभर!" म्हणत त्यांनी ट्रकवाल्याला जायला सांगितलं.

"पट्टी ठेवून देऊ नका साहेब," हेमांगी म्हणाली. "अजून नऊ वेळा सरकवून मोजू."