मांजरीची जट

मांजरीच्या मानेवरच्या गाठीला हळदकुंकू वाहिलेलं मी माझ्या जनावरांच्या दवाखान्यात पहिल्यांदाच पाहत होते. बंगलेवाल्यांनी टाकून दिलेली ही लांब केसांची मांजर हौसाबाईंनी पाळली होती.

"गाठ नाही, केसांची जट झालीय. कापू या," मी म्हटलं.

"देवीची असती ती. कापली तर रगात येतंय म्हणत्यात." त्यांचा हात आपसूक डोक्यावरच्या पदराकडे गेला. त्याखाली त्यांची स्वतःची जट होती, लग्नाआधीपासूनची.

"पण हिला मान वळवता येत नाही."

"ते मला ठावं हाय," त्या हळूच म्हणाल्या आणि त्यांनी मांजरीवरचा हात काढला.

मी केस कापायचं मशीन चालवलं. त्या वाकून बघत होत्या. रक्त आलं नाही. खाली पडलेली जट त्यांनी उचलली, बोटांनी उसवली, नाकाशी नेली. आत धूळ, वाळलेलं गवत आणि केस.

"येवढंच हाय व्हय?"

मांजरीने मान पार मागे वळवली आणि स्वतःची पाठ चाटली.

मी मशीन बंद करायला गेले.

"ऱ्हाऊ द्या चालू," हौसाबाई म्हणाल्या. त्यांनी दाराला कडी घातली आणि डोक्यावरचा पदर खाली घेतला.