वेलांटीबाईंची चूक

'चिमणि' या शब्दापाशी नर्सबाईची नजर अडकली आणि इतके शनिवार मांडीवर घट्ट धरून ठेवलेला तिचा उजवा हात पहिल्यांदाच माऊसकडे सरकला.

वाचनालयाच्या मागच्या खोलीत नवख्यांचा वर्ग भरला होता. इंटरनेटवरचा ज्ञानकोश, ज्यात कुणीही लिहावं आणि कुणीही सुधारावं, त्यात लिहायला शिकवणारा वर्ग. बाकीचे टकाटक टाइप करत असायचे. नर्सबाई ड्यूटी संपवून यायची, नुसती वाचायची आणि घरी जायची. चुकीचं बटण दाबलं की काय होतं, ते तिने वॉर्डात पाहिलं होतं. इथे बिघडलेलं सगळं पुन्हा होतं तसं करता येतं, हे वेलांटीबाईंनी तिला कितीदा सांगितलं, पण पालथ्या घड्यावर पाणी.

वेलांटीबाई म्हणजे वर्गाच्या बाई. उभा जन्म छापखान्यात, डोळ्यांत तेल घालून मुद्रितं तपासण्यात गेलेला. दुकानाच्या पाटीवर ऱ्हस्व-दीर्घ चुकलेला दिसला, तर मालकाला गल्ल्यावरून उठवून बाहेर आणायच्या. नाव पडलं ते त्यामुळेच, आणि बाईंना ते मनातून आवडायचं.

नर्सबाईने वेलांटी बदलली. 'जतन करा'साठी तिचं बोट माऊसच्या बटणावर टेकणार, तेवढ्यात दारातून आवाज आला, "हात लावू नका. तो पुरावा आहे."

दातांचे डॉक्टर आत आले. दवाखाना सांभाळून ते ज्ञानकोशाचे प्रचालकही होते. लेख उडवायचे, एखाद्याला बंदी घालायची, हे अधिकार त्यांच्याकडे. लोक त्यांना पाठीमागे कात्री म्हणत. बाईंच्या प्रत्येक नव्या लेखात एक चूक असते, असं त्यांच्या लक्षात आलं होतं. एकच, वेलांटीची, आणि तीही पहिल्याच परिच्छेदात. कुंपणानेच शेत खाल्लं तर दाद मागायची कुणाकडे, असं ते सगळ्या वर्गासमोर म्हणाले. मग जरा आवाज उतरवून त्यांनी वाटही दाखवली. वयोमानाने डोळ्यांचा दोष असेल तर बाईंनी तसं सांगावं, विषय इथेच मिटेल.

"डोळे ठणठणीत आहेत," वेलांटीबाई म्हणाल्या. "चूक मुद्दाम केलीय."

टाइप करणारे हात थांबले.

"कोरं पान दिसलं की माणूस घाबरतो, डॉक्टर. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ काढायला मात्र कुणी घाबरत नाही. म्हणून मी कुसळ ठेवते."

तारखेला, आकड्याला, औषधाच्या नावाला आपण कधी धक्का लावला नाही, हेही त्यांनी सांगून टाकलं. फक्त एक वेलांटी. पुढच्या शनिवारपर्यंत कुणी सुधारली नाही तर त्या स्वतः सुधारायच्या. तोवर आपल्या नावावर ती चूक जगापुढे मिरवताना जिवाची काय तगमग व्हायची, ते त्यांनी सांगितलं नाही. सांगून कात्रीला काय कळणार होतं.

डॉक्टर म्हणाले, हे नियमात बसत नाही. पुढच्या शनिवारपासून वर्ग ते स्वतः घेतील.

छापखाना बंद पडल्यापासून आठवड्यातला हाच एक दिवस बाईंना जगल्यासारखा वाटायचा. क्षणभर माफी मागावीशीही वाटली. पण समोर नर्सबाईचं बोट अजून तसंच अधांतरी होतं.

"वर्ग घ्या काढून. चुका मी घरी बसून ठेवीन," त्या म्हणाल्या आणि वळल्या. "दाबा, सिस्टर."

नर्सबाईने एकदा डॉक्टरांकडे पाहिलं, एकदा बाईंकडे, आणि दाबलं. पडद्यावर 'चिमणी' सरळ झाली. काही बिघडलं नाही, कुणी धावत आलं नाही. ती पुढचं वाचायला लागली. मग कपाळाला आठी घालून म्हणाली, चिमणीच्या घरट्याबद्दल इथे एक अक्षर नाही, वॉर्डाच्या खिडकीत तर दर वर्षी असतं, मी लिहू का? बाईंनी तिला बाहेरच्या कपाटातलं पक्ष्यांचं पुस्तक आणायला धाडलं. डोळ्यांनी पाहिलेलंही इथे पुस्तकाच्या आधारानेच लिहावं लागतं. नर्सबाई जवळजवळ पळतच गेली.

डॉक्टर मात्र बधले नाहीत. हा योगायोग, ते म्हणाले. ज्याला खरी तळमळ असते त्याला आमिष लागत नाही. आणि त्यांनी स्वतःची गोष्ट सुरू केली. ती ते प्रत्येक बैठकीत सांगायचे, त्यामुळे सगळ्यांना तोंडपाठ होती. रिकामी दुपार, एकही पेशंट नाही, सहज म्हणून उघडलेला हिरड्यांवरचा लेख. आणि त्यात, पहिल्याच ओळीत, 'हीरडी'.

"डोकंच फिरलं माझं. ते सुधारलं, मग खालचं वाक्य सुधारलं, मग पुढचा लेख, आणि आजपर्यंत थांबलेलो नाही. कुठल्या मूर्खाने ते लिहिलं होतं, हे बघायचीसुद्धा मी तसदी घेतली नाही. मला कुणी आमिष दाखवलं नव्हतं, बाई."

वेलांटीबाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला आणि पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"त्या 'हि'ला दुसरी वेलांटी देताना माझ्या जिवावर आलं होतं, डॉक्टर," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही आलात."