शेवटचा खांब

आठव्या खांबाची कमान लॅपटॉपवर उमटली आणि जावयाचा चेहरा उतरला.

खांबातल्या सळईला बारीकसा उलटसुलट प्रवाह द्यायचा आणि ती त्याला किती अडवते ते मोजायचं, असं त्याचं काम. धडधाकट सळई प्रवाहाला दाद देत नाही. पडद्यावर मोठी कमान उमटते. गंजलेली सळई लगेच वाट देते आणि कमान बसते. ही तर पार भुईसपाट होती.

शाळेचे हे खांब सासऱ्यांनी तीस वर्षांपूर्वी ओतले होते. गवंडी म्हणून त्यांचं नाव झालं ते याच इमारतीमुळे. सात खांब ठीक निघाले होते. पण एक जरी बिघडलेला असला तरी इमारत रिकामी करायची, असं ठरलं होतं. मुलं बाहेर अंगणात ताटकळत होती आणि मुख्याध्यापिका जिन्यापाशी.

"बोला जावईबापू, भीड धरू नका," सासरे म्हणाले. "खांब माझा असला तरी मुलं लोकांची आहेत."

वेळ काढायला म्हणून जावई सळईला लावलेली तारेची क्लिप तपासायला वाकला. प्रवाह काँक्रीटमध्ये शिरावा म्हणून वर खांबाला बांधलेल्या ओल्या स्पंजपासून खाली उघड्या केलेल्या सळईपर्यंत पाण्याचा चांगला ओघळ आला होता.

"मामा, स्पंजवर पाणी कुणी ओतलं?"

सासऱ्यांनी हातातली रिकामी बाटली पाठीमागे धरली. "मीच. कोरडा वाटला हो. काँक्रीटला पाणी कमी पडू द्यायचं नाही, जन्मभर हेच केलं."

जावयाला हसू आवरेना. प्रवाह काँक्रीटमध्ये शिरतच नव्हता, ओल्या वाटेने बाहेरच्या बाहेर सटकत होता. त्याने बाटली काढून घेतली, खांब पुसला आणि तासभर पंखा लावून ठेवला. तेवढा वेळ सासरे पाण्याला हात न लावता, हाताची घडी घालून बसले. ते त्यांना किती जड गेलं असेल ते त्यांचं त्यांनाच ठाऊक.

मग स्पंज बेताने ओला करून त्याने पुन्हा मोजलं. कमान एकेका ठिपक्याने चढत गेली, चढत गेली आणि बाकीच्या सातांच्या बरोबरीला आली. जावयाने सुटकेचा श्वास टाकला. सासऱ्यांनी डोळे पुसले आणि त्यात काही लपवलं नाही.

मुख्याध्यापिकांनी मुलांना वर सोडलं. "हळू चाला, पाय आपटू नका," त्या जिन्यातून ओरडल्या.

सासरे उठून पुढे झाले.

"बाई, पळू द्या त्यांना."