खडक लागेपर्यंत

हातोड्याचा घाव बसला की पाइप वीतभर खाली जायचा, आणि उतारावर बसलेल्या तिच्या तळपायांना तो घाव कळायचा.

"अजून मातीच आहे," बाबा यंत्राजवळून ओरडले. ते नेहमीच ओरडून बोलायचे. उभा जन्म बोअरच्या गाडीवर गेला होता आणि कान कधीच कामातून गेले होते. तळहात मात्र शाबूत होता. पाइपावर हात ठेवला की वाळू कुठे संपली, गोटे कुठे लागले, ते त्यांना बिनचूक समजायचं.

याच उताराच्या पोटात तिचा नवरा अडकला होता. पाण्यासाठी बोगदा खणायचं काम चालू होतं आणि तो तिथला मुकादम. सकाळी मजूर चहाला बाहेर आले, टेकू तपासायला हा एकटाच आत गेला, आणि बोगद्याचं तोंड ढासळलं. आत गेल्यावर बोगद्याला दोन फाटे फुटत होते. तो कुठल्या फाट्यात आहे ते कोणालाच ठाऊक नव्हतं. आणि बोअरची गाडी आसपास एकच होती, बाबांची.

"वरून भोक पाडून आधी हवा सोडायची," इंजिनिअरने तिला समजावलं होतं. भला माणूस होता. सकाळपासून त्याने पाण्याचा घोटही घेतला नव्हता. "पण वरची माती भुसभुशीत आहे. नुसतं भोक पाडलं तर ते लगेच बुजेल. म्हणून खडक लागेपर्यंत लोखंडी पाइप ठोकायचा आणि मग त्याच्या आतून खडक फोडायचा. खरा वेळ जातो तो खडकाला."

"आणि फाटा चुकला तर?"

"तर दुसऱ्या जागी पुन्हा पहिल्यापासून. तोवर आत हवा पुरेल असं मी म्हणू शकत नाही."

तिने मान हलवली आणि पुन्हा पाइपाकडे बघत बसली.

शेजारीण तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. "रड बाई, मोकळी हो," ती म्हणत होती. तिला रडू येत नव्हतं. "धक्का बसलाय पोरीला," शेजारणीने जमलेल्या बायकांना हळूच सांगितलं.

नवा पाइप जोडताना यंत्र क्षणभर थांबलं तेव्हा बाबा तिच्याजवळ आले. कपाळावरची माती घामाने ओघळून मिशीत उतरली होती.

"मी काढतो त्याला बाहेर," ते म्हणाले. "तू काळजी करू नकोस. हा संसार मीच जुळवला ना? गेल्या वर्षी तू बॅग घेऊन आलीस, तेव्हा मीच तुला परत पोचवलं. म्हणालो, भांड्याला भांडं लागायचंच."

"भांड्याला भांडं नव्हतं, बाबा," ती म्हणाली.

"काय?"

तिने बाटली पुढे केली. "पाणी प्या, म्हटलं."

ते गटागटा पाणी प्यायले, तिच्याकडे थोडा वेळ बघत राहिले आणि परत गेले.

उन्हं कलायला लागली तसा आवाज बदलला. इतका वेळ बद्द बद्द वाजणारा घाव खणकन वाजला आणि हातोडा उसळला. बाबांनी हात वर केला.

"खडक लागला."

इंजिनिअरने यंत्र बंद करायला लावलं. जनरेटरही बंद झाला. एवढी माणसं जमलेली, पण कोणी खाकरलंसुद्धा नाही.

"आतून तो दगड आपटत असला तर खडकातून पाइपात आवाज येईल," इंजिनिअर म्हणाला. "आला तर इथेच फोडू. नाही आला तर पाइप उपटून पलीकडच्या फाट्यावर जाऊ."

त्याने पाइपाला कान लावला. बराच वेळ तो तसाच होता. उठला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. "काहीतरी सरकल्यासारखं वाटतंय. मातीही असेल. मला खात्री देता येत नाही."

"माझ्या लेकीला ऐकू द्या," बाबा म्हणाले. "तिचे कान नवऱ्याकडेच असतात. तो गल्लीच्या टोकाला असला तरी हिला पावलांवरून कळतं."

"खरंय," शेजारीण म्हणाली. "आमच्याशी बोलता बोलता अर्ध्या वाक्यात उठून उभी राहते. असं प्रेम बघायला मिळत नाही हल्ली."

ती पाइपापाशी गुडघ्यांवर बसली. ठोकून ठोकून लोखंड तापलं होतं. पदर दुमडून तिने मधे धरला आणि कान टेकवला. समोर बाबा उकिडवे बसले आणि त्यांनी पाइपावर तळहात ठेवला.

आधी नुसतीच आपल्या रक्ताची धडधड. मग माती सरकल्याची बारीक खसखस. मग काहीच नाही.

आणि मग, खूप खालून, तीन ठोके.

तिने श्वास रोखला. थोडं थांबून पुन्हा तीन, आधीपेक्षा जोरात. तिला दार उघडायला उशीर झाला की तो कडी अशीच वाजवायचा. तो जिवंत होता. याच फाट्यात, बरोबर त्यांच्या पायाखाली.

"आलं काही ऐकू?" इंजिनिअरने विचारलं.

तिने कान काढला. उठताना आधाराला तिने पाइप धरला.

"नाही," ती म्हणाली. "काहीच नाही."

इंजिनिअर बाबांकडे वळला. त्याने हाताची खूण करून मोठ्याने विचारलं, "काका, तुमच्या हाताला काही लागतंय?"

तिच्या आणि बाबांच्या तळहाताखाली त्याच वेळी पाइप पुन्हा तीनदा हलला. बाबांनी मान वर करून लेकीच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"नाही," ते म्हणाले. "उपटा पाइप."